मेम्ब्रेनमधून पाणी कसं सरकतं: वजनकाट्यावर मोजून पाहायची पद्धत

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावच्या बाजूला एखाद्या बेदाण्याच्या शेडवर जाऊन उभे राहा. घड जाळीवर टाकण्याआधी टाकीत बुडवतात. लिटरभर पाण्याला साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, त्यात दोन-चार मिनिटं, बस. बुडवलेला माल पंधरवड्याच्या आसपास सुकतो. न बुडवलेला तसाच रेंगाळत राहतो. मण्यातलं पाणी तेच, शेडमधला वारा तोच, बदल झाला तो फक्त सालीवरच्या मेणचट थरात.

फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि हवेपासून वीज बनवणारा सेल. त्याच्या मधल्या पातळ पडद्यातलं, म्हणजे मेम्ब्रेनमधलं पाणी शिकवताना मी सुरुवात या शेडपासून करतो. पाणी किती वेगानं जाईल हे वस्तूच्या पोटात काय आहे यावर ठरतं, तसंच तिच्या सालीवर काय आहे आणि सालीला लागून असलेली हवा कशी आहे यावरही ठरतं. या तीन अडथळ्यांची गल्लत झाली की प्रयोगाचे सगळे आकडे व्यवस्थित दिसतात आणि निष्कर्ष चुकीचा निघतो. सांगलीत शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट करून घेताना ही गल्लत आमच्याकडूनही झाली आहे, ती पुढे सांगतो. महागडी यंत्रं लागत नाहीत. चार दशांशांचा वजनकाटा, काही बरण्या, काही मीठं, संगणकातला एक छोटा पंखा आणि भरपूर डिस्टिल्ड वॉटर एवढ्यावर हे काम होतं.

आत काय चाललेलं असतं

फ्युएल सेलमध्ये एका बाजूनं हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूनं हवा. हायड्रोजनचे प्रोटॉन मधल्या मेम्ब्रेनमधून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन तारेनं फिरून येतात आणि हवेच्या बाजूला, म्हणजे कॅथोडवर, पाणी तयार होतं. एका सेलमधून एक अँपिअर प्रवाह तासभर घेतला की 0.336 ग्रॅम पाणी बनतं. आकडा किरकोळ वाटेल, पण एक किलोवॅटचा स्टॅक, म्हणजे एकाला एक लावून रचलेले अनेक सेल, तासाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार करतो.

सगळ्यात परिचित मेम्ब्रेन म्हणजे नाफिऑन. ड्युपाँट या रसायन कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी 1960 च्या दशकात ती घडवली. तिचा कणा टेफ्लॉनचा, म्हणजे पाण्याला अजिबात जवळ न करणारा. त्या कण्याला बाजूच्या साखळ्या असतात आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला पाण्यासाठी आसुसलेला सल्फॉनिक आम्ल गट असतो. एकाच रेणूत हे दोन टोकाचे स्वभाव नांदत असल्यामुळे ओल मिळताच आम्ल गट एकत्र येतात आणि पाण्याच्या बारीक वाटा तयार होतात. संशोधक गिर्के यांच्या जुन्या चित्रात या वाटा म्हणजे 4 नॅनोमीटरचे गोळे आणि त्यांना जोडणाऱ्या 1 नॅनोमीटरच्या गल्ल्या होत्या. 2008 मध्ये श्मिट-रोर आणि चेन यांनी सरासरी 2.4 नॅनोमीटर व्यासाच्या, एकमेकींना समांतर नळ्यांचं चित्र मांडलं. नेमकी रचना कशी यावर अजून मतं आहेत. आपल्या कामापुरतं इतकं पुरे: वाटा ओलीनं तयार होतात आणि ओल गेली की आक्रसतात.

ओल मोजायचं परिमाण म्हणजे लॅम्डा: एका आम्ल गटामागे पाण्याचे किती रेणू. पहिले दोन-तीन रेणू आम्ल गटाला घट्ट चिकटलेले असतात. त्यानंतर येणारे मोकळे होत जातात आणि प्रोटॉनला खरा रस्ता मिळतो. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या स्प्रिंगर, झावोडझिन्स्की आणि गोटेसफेल्ड यांनी 1991 मध्ये दिलेलं सूत्र आजही सर्रास वापरतात. त्यानुसार 30 अंश सेल्सिअसला लॅम्डा 3 असताना वाहकता सेंटिमीटरला साधारण 0.012 सीमेन्स असते आणि लॅम्डा 14 असताना 0.069. म्हणजे पाचपटीहून जास्त फरक. मेम्ब्रेन कोरडी पडली की सेलचा व्होल्टेज का कोसळतो, ते एवढ्यावरून कळतं.

पाण्याला सरकवणाऱ्या ओढी मुख्यतः तीन. पहिली, प्रत्येक प्रोटॉन हायड्रोजनच्या बाजूनं हवेच्या बाजूला जाताना पाणी सोबत ओढून नेतो. दुसरी, हवेच्या बाजूला पाणी साचलं की ते जास्त ओलीकडून कमी ओलीकडे परत झिरपतं. तिसरी म्हणजे दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक. पहिल्या दोन ओढी उलट दिशेच्या आहेत आणि सेल नीट चालणं त्यांच्या तोलावर आहे. पाण्याच्या वाफेशी समतोल राखून असलेल्या नाफिऑनमध्ये एका प्रोटॉनमागे पाण्याचा साधारण एक रेणू ओढला जातो, द्रव पाण्यात भिजलेलीत सुमारे अडीच. पाण्याचा एक रेणू बनायला दोन प्रोटॉन लागतात, म्हणजे एक रेणू जन्माला येतो तेव्हा दोन ते पाच रेणू पलीकडून ओढून आणलेले असतात. ते परत झिरपले नाहीत तर हायड्रोजनची बाजू कोरडी पडते आणि हवेच्या बाजूची छिद्रं पाण्यानं तुंबतात. पातळ मेम्ब्रेनकडे सगळे वळले त्याचं एक मोठं कारण हेच आहे, कारण झिरपायचं अंतर कमी होतं.

पट्ट्या तयार करणं

नाफिऑन 117 ची जाडी 183 मायक्रॉन, 115 ची 127 आणि 212 ची 51. तिन्हींचा छोटा तुकडा घ्या, जाडीचा परिणाम पाहायला तिन्ही लागतात. 115 आणि 117 दाबून ओढलेल्या असतात आणि 212 द्रावण ओतून बनवलेली असते, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शेवटी आलेखावर एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर कारण इथे असू शकतं.

धुण्याची रीत ठरलेली आहे. 80 अंशांच्या आसपास, उकळी न आणता, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक तास, डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक तास, अर्ध्या मोलरच्या सल्फ्युरिक आम्लात एक तास आणि पुन्हा पाणी बदलत एक तास. आम्ल बनवताना लिटरला संहत आम्ल सुमारे 27 मिली लागतं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय मुलांना या टेबलाजवळ उभं करू नका. पट्टी चिमट्यानं धरा, बोटानं नको.

पाण्याबद्दल आपल्या भागात जरा जास्तच काळजी घ्यावी लागते. मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्यात आणि बोअरचं पाणी जड आहे. अशा पाण्यात पट्टी एकदा जरी खंगाळली तरी आम्ल गटांवरचे प्रोटॉन निघून तिथे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम बसतात. पट्टी दिसायला तशीच दिसते, पण तिची वाहकता आणि पाणी धरायची ताकद दोन्ही घटतात. आरओच्या पाण्यानं भागेल असं वाटतं, पण भागत नाही. डिस्टिल्ड वॉटरच वापरा आणि शेवटच्या धुणाचं पाणी वाहकतामापकाखाली धरा. मूळ पाण्याच्या आकड्याइतका आकडा आला की धुणं संपलं.

सुकं वजन, म्हणजे नेमकं काय

हे काम सोपं वाटतं आणि इथेच बरेच जण घसरतात. सुकवलेली पट्टी वजनकाट्यावर ठेवा आणि काचेचं दार बंद करून आकड्याकडे बघत राहा. चौथा दशांश लगेच चढायला लागतो, मागोमाग तिसराही हलतो. खोलीतल्या हवेतली वाफ ती तुमच्या डोळ्यांदेखत ओढून घेत असते. पावसाळ्यात तर आकडा टिपेपर्यंत तो बदललेला असतो.

म्हणून पट्टी झाकणाच्या वजनकुपीत घालून सुकवायची, ओल शोषणारं रसायन ठेवलेल्या पेटीतच झाकण लावायचं आणि कुपीसकट वजन करायचं. कुपी नसेल तर पट्टी काट्यावर ठेवल्यापासून दर 15 सेकंदांनी दोन मिनिटं आकडे टिपा, आलेख काढा आणि रेषा मागे शून्य सेकंदापर्यंत न्या. मुलांना ही दुसरी रीत जास्त आवडते, कारण पाणी आत शिरतानाचा वेग तिथेच कागदावर दिसतो.

सुकवायला खोलीच्या तापमानाला निर्वात पेटी उत्तम. ओव्हनमध्ये 105 अंशांवर सुकवायचा मोह टाळा. इतकी तापवलेली पट्टी नंतर साध्या पाण्यात पूर्वीइतकं पाणी घेत नाही, वाटा आक्रसून बसतात. शिवाय निर्वातात सुकवल्यावरही आम्ल गटाला चिकटलेला एखादा रेणू उरतोच. तुमचं सुकं म्हणजे कोणत्या तापमानाला, किती तास, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.

मिठाच्या बरण्या

बंद बरणीत एखाद्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं, म्हणजे तळाशी न विरघळलेलं मीठ दिसेल इतकं घट्ट, की वरच्या हवेची आर्द्रता एका ठरलेल्या आकड्यावर स्थिर होते. 25 ते 30 अंशांना लिथियम क्लोराइडवर साधारण 11 टक्के, मॅग्नेशियम क्लोराइडवर 33, पोटॅशियम कार्बोनेटवर 43, साध्या मिठावर 75, पोटॅशियम क्लोराइडवर 84 आणि पोटॅशियम सल्फेटवर 97. घरातलं मीठही चालतं, फक्त आयोडीन आणि गुठळ्या न होण्याची भुकटी नसलेलं घ्या. पोटॅशियम कार्बोनेट म्हणजे शेडवरची तीच पावडर. प्रयोगासाठी मात्र शुद्ध रसायनच आणा.

पट्टी द्रावणाच्या वर नायलॉनच्या दोऱ्यानं टांगायची. द्रावणाचा एक थेंब जरी उडाला तरी पट्टीतले प्रोटॉन जाऊन त्या मिठातला धातू बसेल आणि ती पट्टी बाद होईल. बरणी अर्धीच भरा आणि हलवू नका. रोज एकदा वजन करा, लागोपाठ दोन दिवस फरक अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत आला की समतोल झाला समजा. 117 ला दोन-तीन दिवस लागतात. तापमान स्थिर ठेवायला बरण्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवल्या तरी बराच फरक पडतो.

आता हिशेब. पट्टीनं घेतलेलं पाणी 18.02 नं भागा, सुकं वजन 1100 नं भागा आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागा, लॅम्डा हाती येतो. हा 1100 म्हणजे एका आम्ल गटामागे पडणारं मेम्ब्रेनचं वजन, ग्रॅममध्ये. समजा सुकी पट्टी 0.2000 ग्रॅम आहे आणि साध्या मिठाच्या बरणीत ती 0.0202 ग्रॅमनं वाढली, तर लॅम्डा साधारण 6.2 येतो. 1991 च्या त्याच कामात आर्द्रतेवरून लॅम्डा काढायचंही सूत्र आहे, त्यातूनही 75 टक्क्यांना 6.2 च निघतो. त्याच सूत्रानं 33 टक्क्यांना 2.9, 43 ला 3.2, 84 ला 8.2, 97 ला 12.7 आणि पूर्ण वाफेत 14. तुमचे आकडे याच्या दहा टक्क्यांत आले तर पट्टी स्वच्छ आहे आणि हात बसला आहे. सगळेच आकडे सारख्या प्रमाणात कमी आले तर धुण्यातले क्षार किंवा सुकं वजन यापैकी एकात खोट आहे, पुन्हा तिकडे जा.

शेवटी तीच पट्टी उकळत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालून, गार करून, फिल्टर पेपरनं हलकेच टिपून वजन करा. लॅम्डा 22 च्या आसपास जाईल. शंभर टक्के वाफेत 14 आणि द्रव पाण्यात 22, वास्तविक दोन्हीकडे पाण्याची ओढ सारखीच असताना. श्रोडर यांनी 1903 मध्ये जिलेटिनमध्ये हे पाहिलं होतं आणि त्यांच्याच नावानं हा विरोधाभास ओळखला जातो. याचा एक मोठा भाग सालीशी जोडलेला आहे असं मला वाटतं. वाफेला तोंड देणारी मेम्ब्रेन टेफ्लॉनचा कोरडा भाग बाहेर ठेवते, द्रव पाण्याला भिडली की आम्ल गट पृष्ठभागावर येतात. साल बदलते.

कप: पाणी प्रत्यक्ष आरपार नेणं

स्टीलचा छोटा कप घ्या, तोंडाला आटे असलेला. आतला व्यास 25 मिमी असेल तर क्षेत्र 4.91 चौरस सेंटिमीटर. कपात डिस्टिल्ड वॉटरनं दहा वेळा धुतलेला स्पंज भरून भिजवा, त्यावर फिल्टर पेपरची चकती आणि चकतीला टेकून मेम्ब्रेन. वर सिलिकॉनची वायसर लावून कडं आवळा. स्पंजमुळे मेम्ब्रेनला खालून सतत ओल टेकलेली राहते. नुसतं पाणी भरलं तर पातळी खाली जाऊन मध्ये हवा येते आणि 3 मिमी स्थिर हवेचा थर एकटाच मीटरला सुमारे 115 सेकंदांचा अडथळा उभा करतो, अनेकदा मेम्ब्रेनहून जास्त.

कप काट्यावर ठेवून दर दहा मिनिटांनी वजन टिपा. पहिला अर्धा तास सोडून द्या. नंतर उतार स्थिर होतो.

पहिल्या वर्षी आम्ही याच रीतीनं तिन्ही जाड्या मोजल्या आणि तिन्हींचा वेग जवळजवळ सारखा आला. मुलांना आनंद झाला, कारण जाडीचा काही परिणामच नाही म्हणजे सगळा अडथळा सालीत आहे, असा निष्कर्ष समोर होता आणि मलाही तो पटला होता. अहवालही लिहून झाला. मग एका मुलीनं सहज म्हणून एक कप मेम्ब्रेन न लावता, ओला फिल्टर पेपर उघडा ठेवून तसाच काट्यावर ठेवला. त्याचंही पाणी जवळजवळ त्याच वेगानं उडत होतं. दोन महिने आम्ही मेम्ब्रेन नव्हे, कपावरची थांबलेली हवा मोजत होतो. अहवाल फाडला आणि पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून उघड्या कपाशिवाय आमच्याकडे एकही मोजमाप होत नाही.

हवेचा हिशेब

या भागाला वेळ द्या, सगळ्या प्रयोगाचं खरेपण इथे ठरतं.

अडथळा काढायची रीत विजेच्या रोधासारखीच आहे: ओढ भागिले वेग. ओढ म्हणजे ओल्या बाजूच्या आणि खोलीतल्या हवेच्या वाफेतला फरक. 30 अंशांना संपृक्त हवेत घनमीटरला 30.4 ग्रॅम वाफ असते. खोलीची आर्द्रता 40 टक्के असेल तर हवेत 12.2, म्हणजे ओढ 18.2. आता उदाहरणासाठी आकडे घेऊ. उघड्या कपातून तासाला 0.108 ग्रॅम जातं, म्हणजे चौरस मीटरला 220 ग्रॅम. मेम्ब्रेन लावलेल्यातून 0.088, म्हणजे 179. ओढीला वेगानं भागल्यावर उघड्या कपाचा अडथळा मीटरला 298 सेकंद येतो आणि मेम्ब्रेनच्या कपाचा 365. वजाबाकी 67, हाच मेम्ब्रेनचा वाटा, सालीसकट. दोन मोठ्या संख्यांतून लहान संख्या काढतोय, म्हणून प्रत्येक मोजणीत दोन टक्के चूक धरली तर या 67 मध्ये बारा-तेराची ओढाताण होऊ शकते. उपाय एकच, हवेचा अडथळा खाली आणा. संगणकातला छोटा पंखा ठरलेल्या अंतरावर ठेवून कपाच्या तोंडावरून आडवा वारा सोडा. वजन करताना पंखा बंद, बाकी वेळ चालू, आणि दोन्ही कपांना अगदी तोच वारा.

वाऱ्यामुळे दुसरी अडचण उभी राहते. पाणी उडतं तेव्हा कप गार होतो, माठातलं पाणी गार होतं तसाच. पृष्ठभाग 30 ऐवजी 27 अंशांवर आला तर संपृक्त वाफ 25.8 वर येते आणि ओढ 18.2 वरून 13.6 वर, म्हणजे पाव हिस्सा गेला. फिल्टर पेपरच्या लगेच खाली बारीक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, ठेवा आणि हिशेबात खोलीचं नव्हे, त्या जागेचं तापमान घाला. कप पाण्याच्या जाड ताटलीत बसवला तर घसरण कमी होते, पण वजनाच्या वेळी कप बाहेर काढून बुड कोरडं पुसावं लागतं.

हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. तेव्हा सांगलीची हवा कोरडी असते. जुलैत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला भिडायला लागतं त्या दिवसांत खोलीची आर्द्रता इतकी वर असते की ओढच उरत नाही.

तिन्ही जाड्यांचा अडथळा काढून झाला की आडव्या अक्षावर जाडी, उभ्यावर एकूण अडथळा घेऊन रेषा ओढा. रेषेचा उतार मेम्ब्रेनच्या पोटातला अडथळा सांगतो. रेषा मागे नेऊन शून्य जाडीला जिथे टेकते ती उंची म्हणजे हवा आणि साल मिळून झालेला अडथळा. उघड्या कपातून हवेचा आकडा तुमच्याकडे आहेच, तो वजा करा. जे उरेल ते सालीचं. हा उरलेला आकडा किती खरा आणि किती हवेच्या चुकीच्या हिशेबाचा, यावर संशोधकांतही वाद चालू आहेत, म्हणून तो चुकीच्या मर्यादेसकटच लिहा. एक जाडी कमी पडली म्हणून दोन पट्ट्या एकावर एक ठेवू नका, मध्ये दोन नव्या साली येतात आणि रेषा बिघडते.

मेम्ब्रेनची कोरडी बाजू जितकी कोरडी, तितका तिथला झिरपण्याचा वेगही मंद. म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे, वेगळ्या आर्द्रतेचे बिंदू एकाच आलेखावर टाकू नयेत.

आलेला वेग फ्युएल सेलच्या भाषेत सांगायचा तर प्रवाहात बदला. चौरस मीटरला ताशी 179 ग्रॅम म्हणजे चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे 2.8 गुणिले 10 चा उणे 7 वा घात इतके मोल. याला 2 (पाण्याच्या एका रेणूमागचे प्रोटॉन) आणि 96485 (एक मोल प्रोटॉनचा विद्युतभार, कुलोममध्ये) नं गुणलं की 0.053 अँपिअर. म्हणजे चौरस सेंटिमीटरला 53 मिलिअँपिअर चालवताना जेवढं पाणी तयार होतं तेवढं या मेम्ब्रेननं त्या वाऱ्यात बाहेर टाकलं. गाडीतल्या सेलला याच्या कितीतरी पट लागतं. तिथे वायूचा वेग, तापमान आणि मेम्ब्रेनची जाडी तिन्ही का बदलतात, ते मुलांना या एका आकड्यावरून समजतं.

प्रोटॉनबरोबर ओढलं जाणारं पाणी

यासाठी शैक्षणिक किटमधला छोटा पीईएम इलेक्ट्रोलायझर पुरतो, म्हणजे अशाच मेम्ब्रेनच्या दोन बाजूंना विजेनं पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणारा सेल. पाणी ऑक्सिजनच्या बाजूला भरा. हायड्रोजनच्या बाजूची नळी आधी वजन करून ठेवलेल्या छोट्या कुपीत सोडा. खिडक्या उघड्या हव्यात, आसपास ज्योत किंवा ठिणगी नको. दोन्ही बाजूंच्या पाण्याची पातळी सारख्या उंचीवर ठेवा, नाहीतर दाबानं थोडं पाणी सरकेल आणि ते प्रोटॉनच्या खात्यावर जमा होईल.

स्थिर प्रवाह देणाऱ्या स्रोतातून 0.5 अँपिअर द्या, किटची मर्यादा याहून कमी असेल तर ती पाळा. पहिला अर्धा तास फक्त चालू ठेवा, म्हणजे हायड्रोजनची बाजू आतून भिजेल आणि दोन्हीकडे द्रव पाणी टेकेल. मग कुपी बदलून बरोबर एक तास घ्या. 0.5 अँपिअर एक तास म्हणजे 1800 कुलोम, 0.01866 मोल प्रोटॉन. एका प्रोटॉनमागे अडीच रेणू धरले तर कुपीत सुमारे 0.84 ग्रॅम पाणी जमायला हवं. त्याच वेळात सुमारे 230 मिली हायड्रोजनही निघतो. तो 30 अंशांना संपृक्त होऊन गेला तरी सोबत 7 मिलिग्रॅमच पाणी नेतो, ते सोडून दिलं तरी चालेल. ताळा हवा असेल तर ऑक्सिजनच्या बाजूचं पाणी मोजा: तिथून ओढलं गेलेलं 0.84 आणि विघटनात खर्च झालेलं 0.17 मिळून साधारण 1 ग्रॅम कमी झालेलं दिसलं पाहिजे.

एकाच प्रवाहावर थांबू नका. 0.2, 0.35 आणि 0.5 अशा तीन प्रवाहांवर तासभर घ्या आणि प्रवाह बंद ठेवून तासभर नुसतं झिरपणंही मोजा. कुलोमविरुद्ध पाणी असा आलेख काढला की रेषेच्या उतारातून ओढीचा आकडा मिळतो आणि शून्याजवळची उंची झिरपणं दाखवते. आमच्याकडे एका वर्षी उतार चांगला आला, पण रेषा शून्याच्या बरीच वर राहिली. शोधल्यावर सापडलं की ऑक्सिजनच्या बाजूची बाटली स्टँडवर हातभर उंच टांगली होती.

कपातली 117 ची पट्टी आणि इलेक्ट्रोलायझरमधली मेम्ब्रेन यांचे आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत. किटमधल्या मेम्ब्रेनवर उत्प्रेरकाचा थर असतो, जाडी वेगळी असते, अनेकदा बनवणाराही वेगळा असतो. ओढीचा आकडा मात्र जाडीवर फारसा अवलंबून नसतो, तो ओलीवर अवलंबून असतो. म्हणून वहीत तो लॅम्डाच्या रकान्याशेजारी लिहा, जाडीच्या नव्हे.

काम संपल्यावर पट्ट्या पुन्हा आम्लात आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवा, काचेच्या बंद बाटलीत पाण्याखाली ठेवा आणि बाटलीवर जाडी, धुतल्याची तारीख आणि शेवटच्या धुणाची वाहकता लिहा. पुढच्या वर्षीच्या मुलांनी ती बाटली उघडली की पहिल्याच दिवशी साध्या मिठाच्या बरणीत एक पट्टी टांगायची. लॅम्डा 6.2 च्या जवळ आला तर सरळ कपाकडे जा, नाहीतर पेरॉक्साइडपासून सुरू करा.